पोटातली सात लुगडी

मित्रांनो, मला बघून हसू नका. अंगाला चार ठिगळं आहेत, साखळी गंजली आहे आणि नेम धरून मारलं तर अजून थोडी धूळ उडते, हे मला मान्य आहे. तरीही मी साधंसुधं पोतं नव्हे बरं! मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत, मागच्या खोलीत, लोखंडी तुळईला मी तेरा वर्षं टांगलेली आहे. लोक मला मारतात. माझा जन्मच त्यासाठी झाला, त्यामुळे त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं दुःख निराळंच आहे. बारा वर्षं मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मला कुणाला सांगता आली नाही.

आज सांगते. वेळ भरपूर आहे, दुपारी इकडे कुणी फिरकत नाही.

माझा जन्म रवळू ताडपत्रीवाल्याच्या दुकानात झाला. तंबाखूच्या ट्रकवर टाकून टाकून विरलेली एक ताडपत्री होती. तिचा धडका भाग रवळूनं कापला, दुहेरी केला आणि दाभणानं शिवला. पाच फूट उंच, वरच्या तोंडाला पितळी रिंगा, त्यांत ओवलेली दोरी.

"एवढं मोठं पोतं! ह्यात काय घालनार, सर? हत्ती?" रवळूनं विचारलं.

"मुक्के घालायचं हाईत," यशपाल सर म्हणाले, आणि मला खांद्यावर टाकून घेऊन आले.

यशपाल सर दिवसा ह्याच वखारीत तंबाखू तोलायचे आणि संध्याकाळी मागच्या खोलीत पोरापोरींना कराटे शिकवायचे. फार कमी बोलायचे. शिव्या नाहीत, ओरडणं नाही. एखाद्याची लाथ चुकली तर नुसतं "पुन्ना" म्हणायचे. असं दिवसातून शंभरदा "पुन्ना" म्हणणारा माणूस आयुष्यात एकदाच मोठी चूक करून बसला, आणि ती माझ्याच बाबतीत. मला भरायचं कशानं, हा प्रश्न होता. वाळू घातली तर ती बुडाला बसते आणि दगड होते, पोरांची मनगटं जातात. लाकडाचा भुसा पावसाळ्यात दमट होऊन गोळे धरतो. तेव्हा निपाणीच्या माणसालाच सुचेल असं सरांना सुचलं. वखारीत चाळणीखाली तंबाखूचा चुरा आणि शिरांच्या काड्या ढिगानं पडलेल्या असायच्या. ना जड, ना हलकं, ना कुणाला विचारायला जायचं. झालं! माझं पोट तंबाखूनं भरलं.

अरे देवा, काय ते दिवस! पोरगं एक लाथ मारायचं आणि तीन शिंका द्यायचं. माझ्या शिवणीतून पिवळी धूळ उडायची. दोन पोरांना घेरी आली, एक भिंतीशी जाऊन ओकलं. सर म्हणाले, "सवय न्हाय, हळूहळू हुईल." मला वाटलं, मित्रांनो, की आपण पोरांना मोठं करायला आलो आणि त्यांना आजारी पाडत बसलो. लाजेनं नुसती गरगर फिरायचे.

तेव्हा तानीबाई आल्या.

तानीबाई म्हणजे सरांची बायको. तीस वर्षं विड्या वळल्या होत्या त्यांनी. बोटांची टोकं पिवळी झालेली, आणि खोकला असा की आधी तो यायचा आणि मागून त्या. त्या दारातच थांबल्या. वास त्यांना लगेच कळला. पदर नाकाला लावून त्या सरळ माझ्यापाशी आल्या आणि माझ्या पोटावर थाप मारली. धूळ उडाली. मग अशा फिरल्या सरांकडं, की सगळी पोरं भिंतीला चिकटली.

"अवं, अक्कल गहाण टाकलीसा काय? पोरांच्या छातीत हे घालतासा?"

"अगं, चुराच तर हाय..."

"माझ्या छातीत गेलाय तेवढा बास झाला. आत्ताच्या आत्ता रिकामी करा हिला."

बायकोचं बरोबर आहे हे कळायला सरांना वेळ लागत नसे, कबूल करायला लागायचा. त्याच संध्याकाळी मला उलटी करून झटकलं, विहिरीवर नेऊन धुतलं, तीन दिवस उन्हात वाळवलं. मग तानीबाईंनी मला मांडीवर ओढलं आणि म्हणाल्या, "आता मी भरतो बग तुला, नीट."

तुम्हाला वाटेल, विड्या वळणाऱ्या बाईला बॅग भरायचं काय कळणार? पण तानीबाई वाकळी शिवायच्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, बारीक धावदोरा घालून केलेलं आपल्याकडचं पांघरूण म्हणजे वाकळ. कुठलं कापड थर धरतं आणि कुठलं निसटतं, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. गावातल्या शिंप्यांकडनं त्यांनी चिंध्या आणल्या आणि अंगणात ढीग घालून निवडायला बसल्या. गुळगुळीत कापड बाजूला, ते खाली सरकतं. बटण, हूक, चेन सगळं कापून टाकलं, नाहीतर पोरांची बोटं फुटतात. जाड शिवणीसुद्धा उसवल्या. ओलसर चिंधी असेल तर गालाला लावून बघायच्या. मग भरणं सुरू. एक वीतभर थर घालायचा, कडेकडेनं दाबत आणायचा, मुसळानं ठोकायचा, मला अर्धं फिरवायचं, पुन्हा वीतभर. मधूनच कोपर घालून बघायच्या. कोपर आत जाऊन परत वर आलं पाहिजे. रुतून बसलं तर सैल, दुखलं तर घट्ट. सर शेजारी बसून बघायचे आणि तानीबाई म्हणायच्या, "पुन्ना!" पोरं हसून हसून लोळायची.

पण चिंध्या संपल्या. कडेला भरलं गेलं, मधे पोकळी राहिली. आणि मधे पोकळ असलेली बॅग दोन दिवसांत कंबरेत मोडते. शिंप्यांकडे दसऱ्याच्या शिलाईनंतर पुन्हा ढीग येणार होता, त्याला महिना होता. बेळगावची स्पर्धा मात्र पंधरा दिवसांवर आली होती. एका शनिवारी सर पोरांना घेऊन चिक्कोडीला सरावाच्या सामन्यांना गेले. त्या दुपारी तानीबाई एकट्याच वखारीत आल्या. काखेत एक गाठोडं होतं.

त्यांनी ते माझ्यासमोर सोडलं. आत सात लुगडी होती. एक पांढरं, त्यांच्या लग्नातलं. बौद्ध पद्धतीनं लग्न झालं तेव्हा नेसलेलं, अजून घडी न मोडलेलं असावं असं. एक हिरवं इरकली, सरांनी पहिल्या पगारात घेतलेलं. एक लेकीच्या बारशातलं. त्यांची लेक समता तेव्हा बेळगावात वकिली शिकत होती. ही सातही लुगडी तिच्याच वाकळीसाठी ठेवलेली होती. आईच्या लुगड्यांची वाकळ लेकीला द्यायची, हे ठरलेलंच असतं आपल्याकडे. समता सुट्टीला आली की ट्रंक उघडून त्यांच्यावर हात फिरवून जायची म्हणे.

तानीबाईंनी ती एकावर एक ठेवली, घट्ट गुंडाळी केली, जुन्या चादरीत बांधली, वरून परकराची नाडी आवळली. आणि ती गुंडाळी माझ्या मधोमध उभी सोडली. भोवतीनं उरल्यासुरल्या चिंध्या ठासल्या. कोपर घातलं. आत गेलं, परत वर आलं.

"महिन्याचीच गोष्ट हाय," त्या मला म्हणाल्या. धाप लागली होती त्यांना. "दसऱ्याला नव्या चिंध्या आल्या की काढतो भाईर. वाकळ काय, मागनं शिवता येतीया. पोरांचं वरीस वाया जायला नको. पन कुनाला सांगू नगंस हं. समताला कळलं तर कोर्टात उभी करंल मला!"

हसता हसता त्यांना खोकला आला. बराच वेळ त्या माझ्या अंगावर हात टेकून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सर परत आले. मी ताठ, भरलेली, तुळईला टांगलेली. त्यांनी एक मुक्का मारला. किती छान आवाज आला म्हणून सांगू! धप्प! घुमणारा, भरीव.

"एकटीनं कशी भरलीस गं?" सरांनी विचारलं.

"भरली. आता सोडायची न्हाय मातूर. लई दमलो भरताना."

त्यानंतर बाराव्या दिवशी तानीबाई गेल्या. छातीचं दुखणं एकदम वाढलं, बेळगावला दवाखान्यात नेलं, आणि त्या परत आल्या नाहीत. पोरं स्पर्धेत काय करून आली ते मला कधी कळलं नाही. कुणी बोललंच नाही.

पुढचं सांगायला जड जातं. गेलेल्या माणसासाठी बौद्ध पद्धतीनं करतात त्या जलदान विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. सर तिथून उठून इथं येऊन बसले होते, माझ्याजवळच्या स्टुलावर. समता त्यांना शोधत आली. डोळे सुजलेले.

"आप्पा, ट्रंक रिकामी हाय. आईची लुगडी कुठं हाईत?"

"ट्रंकेतच असतील की, बाळा."

"न्हाईत. आणि चुलीजवळ नवीन पातेलं हाय. मागच्या महिन्यात बोहारीण आलती म्हणं. लुगडी घालून भांडी घेतलासा व्हय?"

"मला ठाव न्हाय, समता."

"ठाव न्हाय म्हंजे? घरात दोघंच होतासा! आई माझ्या वाकळीची लुगडी बोहारणीला घालंल काय? खोटं तरी नीट बोला की, आप्पा."

ते पातेलं सरांच्या जुन्या पँटींवर आलं होतं, मित्रांनो! तानीबाईंनी स्वतःच घेतलेलं, मला भरता भरता बोलल्या होत्या त्या. पण हे सरांनाही माहीत नव्हतं. आणि सरांना बोलता कधी येत होतं? ते नुसते मान खाली घालून बसले. गप्प बसलेला माणूस दोषी दिसतो. समतानं माझ्यावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली. तिचा गाल आणि तिच्या आईची लुगडी ह्यांच्यामध्ये एक ताडपत्री आणि चार बोटं चिंध्या, एवढंच अंतर होतं. मी ओरडत होते हो! जीव तोडून ओरडत होते. साखळीसुद्धा वाजली नाही.

तुम्ही म्हणाल, सरांना सुचलं कसं नाही? अहो, हरवलेली चांगली लुगडी माणूस ट्रंकेत शोधेल, माळ्यावर शोधेल. मार खायच्या पोत्यात कोण शोधतं?

समता बेळगावला गेली ती गेलीच. वकील झाली, नाव काढलं. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा, सर इथंच बसून घ्यायचे.

"जेवलासा?"

"जेवलो."

"गोळ्या?"

"घेतल्या."

आणि फोन बंद. बारा वर्षं हेच चार शब्द. फोन ठेवला की सर बराच वेळ हातातल्या त्या फोनकडे बघत राहायचे. मला त्यांचा राग यायचा, दयाही यायची.

हळूहळू पोरं कमी झाली. बायपासला नवी व्यायामशाळा निघाली, तिथं आरसे होते, गाणी होती. मग कोरोना आला आणि वखारीला कुलूप लागलं. दीड वर्ष मी एकटी लटकले. पाली, उंदीर आणि मी. चिंध्या खाली खाली बसत गेल्या, वरून मी सैल पडले आणि बुडाला दगडासारखी झाले. सर मात्र रोज यायचे. दुपारी तीनला कुलूप वाजायचं, दार करकरायचं, आणि ते म्हणायचे, "तानी, आलो बघ." झाडून काढायचे, माझ्या अंगावरची धूळ पुसायचे, स्टुलावर बसायचे. त्या पहिल्या मुक्क्यानंतर त्यांनी मला कधी मारलं नाही. आणि कधी सोडलंही नाही. "सोडायची न्हाय" हा बायकोचा शेवटचा शब्द त्यांनी जिवापाड धरून ठेवला होता. ज्या दोरीत त्यांची सुटका बांधलेली होती, तिला ते कुणाला हात लावू देत नव्हते. ह्याला काय म्हणावं, सांगा!

गेल्या वर्षी मैत्री परत आली. ही सरांची लहानपणची विद्यार्थिनी, माझ्या तंबाखूनं शिंकून शिंकून लाल झालेली. आता शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिनं वखारीत मुलींचा वर्ग सुरू केला. मला केवढा आनंद झाला! पण आठव्या दिवशी एका मुलीनं माझ्या बुडाशी मुक्का मारला आणि किंचाळली. मनगट सुजलं तिचं.

"सर, ही आता सोडून पुन्हा भरायलाच पायजे," मैत्री म्हणाली. "खाली नुसता धोंडा झालाय."

"न्हाय."

"सर, पोरींचे हात मोडतील."

"नवी बॅग घे. हिला हात लावायचा न्हाय. मी मेल्यावर काय ते करा."

मैत्रीनं सरांपुढे हात टेकले आणि समताला फोन केला. समता खरंच आली, एका रविवारी. बारा वर्षांनी ती ह्या खोलीत उभी राहिली. केसांत थोडं पांढरं आलेलं. आईसारखीच उभी राहायची, कंबरेवर हात ठेवून.

"आप्पा, चिंध्या तर हाईत त्या. एवढं काय?"

"तुझ्या आईच्या हातानं भरलेल्या हाईत."

समताचा चेहरा बदलला. तिला बोलायचं नव्हतं बहुतेक, पण तोंडातून गेलं.

"चिंध्या जपलासा, आप्पा. लुगडी देताना आईचा हात आठवला न्हाय?"

मैत्री खाली बघू लागली. सर स्टुलावरनं उठले, कसेबसे. म्हणाले, "मैत्री, काढ खाली. सोड. माझं तिच्यासमोर जपण्यासारखं काय ऱ्हायलं न्हाय आता."

मला खाली घेतलं. आवळून बसलेली दोरी सुटेना, मैत्रीनं ती कापली. चिंध्या निघू लागल्या. एकेक थर सर हातात घेऊन बघत होते आणि बाजूला नीट रचत होते. आणि मग मैत्रीचा हात मधोमध अडकला.

"सर, इथं काहीतरी बांधलेलं हाय."

चादरीची गुंडाळी बाहेर आली. वरची आईच्या परकराची नाडी बघताच समता जमिनीवर बसली. गाठ तिनंच सोडली. पांढरं लुगडं सगळ्यात आत होतं, पण तिनं आधी तेच ओढलं. मग हिरवं इरकली. मग बारशाचं. सातही. एकाला डाग नव्हता, मित्रांनो. माझ्या पोटात तेवढं तरी मी नीट सांभाळलं होतं.

समता काही वेळ नुसती मोजत राहिली, पुन्हा पुन्हा, सात, सात. मग तिनं बापाचे पाय धरले. "आप्पा, चुकलं माझं. मी एकदा पन नीट विचारलं न्हाय तुमास्नी. बारा वर्सं..."

पण सर तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांनी हिरवं लुगडं दोन्ही हातांत घेतलं होतं आणि ते त्या लुगड्याशी बोलत होते.

"तानी, अगं सांगायचंस की गं. बारा वर्सं पोरं तुझ्यावर लाथा घालत व्हती, आन् मी 'पुन्ना, पुन्ना' म्हनत व्हतो."

मग ते रडले. बायको गेली तेव्हा जे रडले नव्हते, ते सगळं रडले. समतानं त्यांना धरलं होतं. मी जमिनीवर रिकामी, चपटी पडले होते, आणि पहिल्यांदाच मला काही लपवायचं उरलं नव्हतं.

त्यानंतर मला पुन्हा भरलं. मैत्रीनं शिंप्यांकडनं चिंध्या आणल्या, समतानं तिचे जुने सुती ड्रेस आणले, बटणं कापून. सर कोपर घालून बघत होते. शेवटी तोंड बांधायच्या वेळी त्यांनी हिरवं इरकली माझ्या मधोमध ठेवलं. समता म्हणाली, "आप्पा, ते सुद्धा?" तर म्हणाले, "तिनं पोरांसाठी भरलंया. समदं कसं काढायचं?" उरलेल्या सहांची वाकळ झाली. ती बेळगावला आहे. आणि आता सरही बेळगावलाच असतात, लेकीकडं. त्या वाकळीत झोपतात म्हणे. मैत्री फोनवर बोलताना ऐकलं मी.

मित्रांनो, मला तोंड नाही म्हणून एका बापलेकीची बारा वर्षं गेली. तुम्हाला तर तोंड आहे. घरातलं कुणी गप्प बसलं असेल तर रागावून निघून जाण्याआधी त्याच्याशेजारी बसा आणि एकदा नीट विचारा. आणि कुणासाठी काही चांगलं करून ठेवलं असेल तर ते त्याला सांगून ठेवा. उद्या म्हणू नका. माझ्यासारख्या बॅगा भराल तर मऊ सुती कापडानं भरा आणि वर्षातनं एकदा सोडून बघा.

संध्याकाळी मुली येतात, धपाधप मारतात, छान वाटतं. त्या गेल्या की मैत्री कुलूप लावते. मी आता नीट भरलेली आहे, ताठ आहे, कुणाची मनगटं मोडत नाही. सर सुखात आहेत, मला हेच हवं होतं ना? हो, हेच. तरी दुपारचे तीन वाजले की माझं सगळं लक्ष दाराकडं लागतं. कुलूप वाजत नाही. "तानी, आलो बघ" असं कुणी म्हणत नाही, आणि पोटातलं ते हिरवं लुगडं आणि मी, आम्ही दोघी वाट बघत राहतो.